लाजवर्दी फुलांचा वारसा

नगर शहराच्या सावेडी भागात हश्त-बिहिश्त बागेचे भग्नावशेष आहेत. अहमद निजामशहाने १५०६ मध्ये येथे ‘फैजबख्श’ बाग उभारली. पुढे बुऱ्हाण निजामशहाने ती नव्याने सजवून ‘हश्त-बिहिश्त’, म्हणजे ‘आठ स्वर्ग’, असे नाव दिले. अष्टकोनी तलाव, मधोमध अष्टकोनी महाल आणि दुरून कालव्याने आणलेले पाणी, अशी तिची रचना होती. आज पाणी नाही, फुलझाडे नाहीत. भोवती वसाहती आहेत.

पण त्या काळी बाग फक्त जमिनीवर फुलत नव्हती. चिनी मातीच्या भांड्यांवरही फुलत होती. १५०६ हेच चीनमधील झेंगदे या मिंग सम्राटाच्या राजवर्षगणनेचे पहिले वर्ष. त्याच्या काळात जिंगदेझेनच्या भट्ट्यांत घडलेल्या काही भांड्यांवर निळ्या वेलबुट्टीच्या मधोमध अरबी-फारसी अक्षरे आहेत. चिनी कारागिराच्या कुंचल्याने ती लिहिली.

या निळ्या रंगाचा इतिहास आपण समजून घेतला पाहिजे. कोबाल्ट हे त्याचे खनिज इराणात काशानजवळ मिळे. चौदाव्या शतकात ते मुस्लिम व्यापाऱ्यांमार्फत चीनला जाई. चिनी लोक परदेशी कोबाल्टच्या एका प्रकाराला ‘हुइ-हुइ छिंग’, म्हणजे ‘मुसलमानी निळा’, म्हणत. आपल्याकडचा ‘लाजवर्दी’ हा शब्दही फारसीतूनच आला.

हे चित्रकाम मोठे कठीण. भांडे कच्चे असतानाच त्यावर रंगवायचे. कोरडी माती रंग लगेच शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. कुंचल्यातून उतरणारा रंग काळपट असतो. कारागिराला त्यात पुढचे निळे फूल मनातच पाहावे लागते. वरून झिलई चढवून सुमारे १३०० अंश सेल्सिअसच्या आचेत भाजले की निळाई उमलते आणि काचेसारख्या थराखाली कायमची सुरक्षित होते. एकाने फुलांची रेघ काढायची, दुसऱ्याने रंग भरायचा, तिसऱ्याने डोंगर-पाणी, चौथ्याने पक्षी, अशी कामाची वाटणी असल्याचे जिंगदेझेन पाहिलेल्या एका फ्रेंच पाद्र्याने १७१२ मध्ये लिहून ठेवले आहे. म्हणजे एका बशीवरची बागही एकट्याची नसे.

हा माल समुद्रमार्गे दख्खनेत येई. आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल हे निजामशाहीचे मोठे बंदर. तेथे चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. दौलताबादच्या किल्ल्यातील ‘चिनी महाल’ निळ्या झिलईच्या फरशांमुळे ओळखला जातो. त्या फरशा म्हणजे चिनी मातीची भांडी नव्हेत. पण नावातच ‘चिनी’ आले. मराठी माणसानेही लोणच्याच्या बरणीला ‘चिनी मातीची’ म्हणत हा शब्द घरात घेतला.

आमच्या घरांत आणखी एक रीत होती. पांढऱ्या चिनी रकाबीवर जाफरानने आयत लिहायची, ती पाण्याने धुवायची आणि ते पाणी आजाऱ्याला द्यायचे. जाफरानची अक्षरे पाण्यात विरघळत. रकाबीच्या काठावरची निळी फुले मात्र तशीच राहत.

‘तुमची कला परकी आहे’, असे आम्हाला अधूनमधून ऐकवले जाते. रंग इराणचा, माती आणि हात चीनचे, बंदर कोकणचे, ताटात वाढलेले अन्न दख्खनचे. यातले परके कोणते आणि आपले कोणते? बाग करविणाऱ्या अहमद निजामशहाचे घराणेही मुळात पाथरीच्या ब्राह्मणांचे, असे फरिश्ता सांगतो. संस्कृतीची वाटणी करू पाहणाऱ्यांना हा इतिहास अडचणीचा वाटतो, कारण तो वाटला जात नाही.

शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. नावे बदलतात, जमिनीखालचा पुरावा मात्र एकदा राडारोड्यात गेला की परत मिळत नाही. म्हणून सावेडीत घराचा पाया खणताना झिलईचा एखादा तुकडा, जुना खापरी नळ निघाला, तर तो फेकू नये. शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला दाखवावा. बागेचे उरलेले दगड जपणे हे कोणा एका समाजाचे काम नाही. ते साऱ्या नगरकरांचे आहे, आणि त्यात आमचाही वाटा आहे.