सर्वांना चालेल असा बेत

वाचकहो, गावजेवणाच्या भाजीत आचारी तिखट बेतानंच घालतो. पंगतीला पैलवान असतात, तशी पोरंसोरंही असतात. झणझणीत हवं असेल त्याला ठेचा वेगळा. लिनक्स ह्या मुक्त संगणक-प्रणालीच्या इतिहासात हाच प्रश्न वारंवार उभा राहिला आहे.

लिनक्सचा मूळ मजकूर कोणालाही वाचता व बदलता येतो. पण प्रोसेसरला तो थेट कळत नाही. कंपायलर नावाचा दुभाषा त्याच्या यंत्र-आज्ञा बनवतो. प्रोसेसर कोणत्या पिढीचा, हे त्याला आधी सांगावं लागतं. नव्या पिढीच्या आज्ञा वापरल्या तर काम भराभर होतं. पण जुन्या प्रोसेसरला त्या ठाऊकच नसतात, आणि कार्यक्रम तिथंच बंद पडतो.

लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी १९९१ साली हेलसिंकीत लिनक्स सुरू केलं, ते ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर. २०१३ साली आलेल्या ३.८ आवृत्तीत त्याच ३८६ ला जागा उरली नाही! ज्या पाळण्यात बाळ वाढलं, तोच अडगळीत गेला.

२००३ साली एएमडी कंपनीनं ६४ बिटांचा ऑप्टेरॉन आणला. त्याचा आज्ञासंच पुढं सर्व्हरांचा सर्वसाधारण पाया ठरला. २०२० मध्ये इंटेल, एएमडी, रेड हॅट व सुसे ह्यांनी मिळून त्यावर पायऱ्या आखल्या. तिसऱ्या पायरीवर एका आज्ञेत ३२ बिटांच्या आठ संख्यांची बेरीज होते. पायाच्या संचात चारांचीच.

रेड हॅटच्या सर्व्हर-प्रणालीनं २०२२ मध्ये दुसरी पायरी हा उंबरठा मानला, आणि २०२५ मध्ये तिसरी. मोठ्या कचेऱ्यांचा फायदा झाला. पण धडधाकट जुनी यंत्रं दाराबाहेर राहिली. २०१३ नंतरच्या काही स्वस्त पेंटियम, सेलेरॉन प्रोसेसरांतही तिसऱ्या पायरीच्या आज्ञा नाहीत, बरं का!

मग उपाय? आल्मालिनक्सनं २०२५ मध्येच, त्याच मुक्त मजकुरातून, दुसऱ्या पायरीसाठी वेगळी आवृत्ती बांधून दिली. ग्लिबसी ह्या मूलभूत ग्रंथालयात तर २०२१ पासून ठेच्याचीच सोय आहे: भाजी सर्वांना एक, आणि ज्या यंत्राला झेपेल त्याला वेगवान भाग वेगळा वाढायचा.

तात्पर्य, उंबरठा किती उंच ठेवायचा हा निर्णय नुसता वेगाचा नसतो. पंगतीतून कोणाला उठवायचं, हेही त्यात ठरतं. मात्र पाककृती उघडी असेल, तर उठवलेल्यांना आपली चूल पेटवता येते. शिक्षकबंधूंनो, शाळेतला जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी त्याचा प्रोसेसर कोणत्या पायरीवरचा आहे, एवढं जरूर पाहा.