अपना बाजार: मालक होतो, गिऱ्हाईक झालो

मैत्रिणींनो, आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ज्यांचे माहेर किंवा सासर मुंबईत आहे, त्यांना ‘अपना बाजार’ आठवत असेल. १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांनी सहकारी तत्त्वावर दुकान काढले. रेशन आणि महागाईच्या त्या दिवसांत चोख माप, रास्त भाव आणि नफा सभासदांचा, एवढाच हिशोब होता. १९६८ मध्ये धान्यापासून कापडापर्यंत सारे एका छताखाली आले. शाखा वाढल्या.

मग १९८२ चा संप झाला. गिरणगाव मोडले, तसे हक्काचे गिऱ्हाईकही पांगले. आपल्या खान्देश मिलच्या जागी मॉल उभा राहिला, तशीच ही गोष्ट. १९९१ नंतर मोठ्या भांडवलाची दुकाने आली आणि अपना बाजारच्या बऱ्याच शाखा एकेक करून बंद पडल्या.

गंमत म्हणजे, डी-मार्टच्या राधाकिशन दमाणींनी आधी नेरुळला अपना बाजारचीच फ्रँचायझी चालवली होती. २००२ मध्ये पवईला त्यांचे पहिले डी-मार्ट उघडले. स्वस्ताई तिथेही मिळते, पण वार्षिक सभेत उठून भाव विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला नसतो.

घरात एखाद्या सहकारी भांडाराचा जुना शेअर असेल, तर यंदा सभेला जाऊन या. मालकाने दुकानाकडे पाठ फिरवली, की दुकान टिकत नाही.