किडनीच्या आजारात स्टेरॉइड कधी? थोडा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. इथे विहिरीचे पाणी खारट आणि किडनीचे रुग्ण गावोगावी. त्यामुळे एक प्रश्न नेहमी कानावर येतो: "शेजारच्या पोराची सूज स्टेरॉइडने उतरली, मग आमच्या बाबांना तीच गोळी का देत नाही?" उत्तर या औषधाच्या इतिहासात आहे.

१८२७ मध्ये लंडनचे डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी अंगावरची सूज, लघवीतून जाणारी प्रथिने आणि बिघडलेली किडनी यांचा संबंध दाखवला. चमच्यातली लघवी मेणबत्तीवर तापवली की प्रथिने गोठून दिसत. निदान झाले, पण औषध नव्हते. नेफ्रॉटिक सिंड्रोमची कितीतरी मुले जंतुसंसर्गाने दगावत.

१९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिसोन वापरले. १९५० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. लवकरच हे औषध सुजलेल्या मुलांनाही दिले गेले. लघवी वाढली, सूज ओसरली. पण सगळ्यांना गुण येईना. का?

१९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रुन यांनी सुईने किडनीचा तुकडा काढून तपासण्याची, म्हणजे बायोप्सीची पद्धत मांडली आणि कोडे उलगडत गेले. ज्यांच्या किडनीत सूक्ष्मदर्शकाखाली फारसा बदल दिसत नाही, अशा १०० मुलांपैकी सुमारे ९३ जणांना प्रेडनिसोनने गुण येतो, असे १९८१ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले.

आयजीए नेफ्रोपॅथी या आजारात भारतासह पाच देशांत चाचणी झाली. २०१५ मध्ये गंभीर जंतुसंसर्ग वाढल्याने नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. पुढे डोस कमी करून, सोबत संसर्ग टाळणारे औषध देऊन ती पुन्हा सुरू झाली. २०२२ च्या निष्कर्षात किडनी वाचवण्यास फायदा दिसला, पण गंभीर दुष्परिणामांचा धोका होताच.

सार इतकेच: स्टेरॉइड दाह शमवते, व्रण पुसत नाही. किडनी आक्रसून क्रिएटिनिन कायमचे वाढले असेल, तर फायदा जवळजवळ नाही. साखर, रक्तदाब आणि संसर्गाचा धोका मात्र वाढतो. बाबांना ती गोळी न देण्याचे कारण बहुधा हेच असते.

म्हणून दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घेऊ नका आणि सुरू असलेली गोळी मनाने अचानक बंद करू नका. खारपाणपट्ट्यात राहत असाल, तर दुखण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन आणि रक्तदाब तपासून घ्या. उपचाराला वाव असतो तो लवकर कळले तरच.