ताक, भाकरी आणि मागच्या बाकावरचा मुलगा

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, भाकरीबरोबर रोज ताक कशाला?" "सवय," म्हणून मी सुटलो. पण खरं उत्तर शोधता शोधता थेट १९७२ सालात जाऊन पोचलो.

दुष्काळाचं साल. मी नुकताच मास्तर झालो होतो. आमच्या पोखर्णीच्या शिवारात ज्वारी आलीच नाही. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळायची, बाया तिच्याच भाकरी थापायच्या. पोट कसंबसं भरायचं. पण चाऱ्यावाचून जनावरं विकली गेली आणि त्यांच्यामागून घरातलं दूध-ताकही गेलं.

वर्गात एक मुलगा होता. बारा वर्षांचा, दिसायचा आठाचा. सारखा आजारी. मी त्याला सगळ्यांदेखत "बुटक्या" म्हणायचो. वर्ग हसायचा, मीही हसायचो.

त्याआधीच, १९५८ साली, मूळचे बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद इराणात शिराझला गेले होते. तिथे त्यांना एकवीस वर्षांचा, पण दहाचा दिसणारा एक तरुण भेटला. खाणं मुख्यतः रोटीचं. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांना तपासून १९६३ साली त्यांनी दाखवलं, की त्यांच्या अंगात जस्त, म्हणजे झिंक, कमी आहे.

गंमत अशी, की धान्यात जस्त असतंच. पण त्यातलंच फायटेट त्याला घट्ट धरून बसतं; मग ते अंगी न लागता तसंच बाहेर पडतं. दूध-ताकातलं केसिन हे प्रथिन पचताना त्याचे बारीक तुकडे होतात. हे पेप्टाइड. त्यांतले काही जस्ताला आपल्याकडे ओढून विरघळलेलं ठेवतात, फायटेटच्या तावडीत जाऊ देत नाहीत. मग आतडं ते शोषून घेतं. आपली आंबीलही तेच साधते, वेगळ्या वाटेने: पीठ आंबलं की फायटेटच कमी होतं. आमच्या आईला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं, पण कोरडी भाकरी तिने कधी वाढली नाही.

२०१८ साली आपल्या परभणीच्याच कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या साथीने 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण आणला. किलोमागे ३२ मिलिग्रॅम जस्त, आणि फायटेट कमी. वाचून ऊर भरून आला.

असो. त्या मुलाला जस्तच कमी पडलं, असं मी म्हणत नाही. उपासमार तर होतीच. पण दोष त्याचा नव्हता, एवढं मास्तरला कळायला हवं होतं. नृसिंहाच्या देवळात गेलो की अजून त्याची आठवण येते, आणि मान आपोआप खाली जाते.

नातवाला आता खरं उत्तर सांगणार आहे. त्या मुलासकट.