फुलकोबीचा भात

फुलकोबीचा भात हा फुलकोबीचा बारीक कीस परतून केलेला पदार्थ आहे. नावात भात असला तरी यात तांदळाचा कणही नसतो. कर्बोदके मर्यादित ठेवणाऱ्या आहारात भाताच्या किंवा उकडलेल्या बटाट्याच्या जागी तो इतर पदार्थांसोबत वाढतात. इंग्रजी भाषक देशांत तो ‘कॉलिफ्लॉवर राइस’ या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात या भाजीला बोलताना फुलकोबीपेक्षा ‘फ्लॉवर’ असेच अधिक म्हटले जाते.

पार्श्वभूमी

फुलकोबी ही मूळची भारतीय भाजी नव्हे. तिचे बियाणे १८२२ मध्ये इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आणले गेले. भाताचा पर्याय म्हणून तिचा वापर मात्र अलीकडचा असून तो अमेरिकेतून आला. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या १९७२ मधील पुस्तकामुळे तेथे कमी कर्बोदकांच्या आहाराची चर्चा घरोघरी पोचली. हृदयरोगतज्ज्ञ आर्थर अ‍ॅगटस्टन यांच्या २००३ मधील ‘साउथ बीच डाएट’ या पुस्तकात कुस्करलेल्या बटाट्याऐवजी कुस्करलेली फुलकोबी सुचवलेली आहे. पुढे तयार कीस पिशव्यांतून विकला जाऊ लागला, तेव्हा तांदूळ उत्पादकांनी ‘राइस’ या शब्दाला हरकत घेतली. अमेरिकेत सर्वाधिक तांदूळ पिकवणाऱ्या आर्कान्सा राज्याने २०१९ मध्ये, तांदूळ नसलेल्या पदार्थाच्या वेष्टनावर तो शब्द वापरण्यास मनाई करणारा कायदा केला.

कृती

फुलकोबीत सुमारे ९२ टक्के पाणी असते आणि पिष्ट जवळजवळ नसते. तांदूळ शिजताना पाणी शोषून फुलतो. फुलकोबी तापताच पाणी सोडते. कृतीतील बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्याने होतात.

गड्डा पांढरा, घट्ट आणि जड निवडावा. तुरे सुटे करून मीठ व हळद घातलेल्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत, म्हणजे आत दडलेल्या अळ्या बाहेर येतात. आपल्याकडच्या स्वयंपाकघरांतील ही जुनी सवय या पदार्थासाठीही सोडू नये, कारण किसल्यावर अळी दिसत नाही. धुतलेले तुरे पूर्ण निथळून कोरडे करावेत आणि किसणीच्या जाड बाजूने किसावेत. मिक्सर वापरल्यास तो थांबत थांबत, क्षणभरच फिरवावा. सलग फिरवल्यास लगदा होतो. कोवळे देठही किसता येतात. कीस सुती फडक्यात हलक्या हाताने पिळून घ्यावा.

पसरट कढईत तेल किंवा तूप तापवून जिऱ्याची फोडणी करावी आणि कीस पातळ थरात पसरून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे परतावा. झाकण ठेवू नये. वाफ कोंडली की कीस गिळगिळीत होतो. मीठ पाणी सोडवते, म्हणून ते उतरवताना घालावे. जास्त शिजवल्यास गंधकयुक्त संयुगांमुळे उग्र वास येतो. एका मध्यम गड्ड्यात तीन-चार जणांपुरता कीस निघतो.

हा ‘भात’ आमटी शोषून घेत नाही. ती ताटात वेगळी वाहते. त्यामुळे पातळ आमटीपेक्षा घट्ट वरण, पिठले, सुके मटण किंवा अंड्याची भुर्जी त्याच्यासोबत अधिक जुळते. लिंबू-शेंगदाण्याची फोडणी दिल्यास तो चित्रान्नासारखा लागतो.

आहारातील स्थान

१०० ग्रॅम शिजवलेल्या पांढऱ्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके आणि १३० किलोकॅलरी ऊर्जा असते. तेवढ्याच कच्च्या फुलकोबीत सुमारे ५ ग्रॅम कर्बोदके, त्यांतील २ ग्रॅम तंतू, आणि २५ किलोकॅलरी ऊर्जा असते. शिवाय ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असते, पण त्याचा काही भाग शिजवताना नष्ट होतो. येथे दोन गैरसमज आढळतात. फ्लॉवर-बटाटा रस्सा कमी कर्बोदकांचा ठरत नाही, कारण बटाटा पिष्टाने भरलेला असतो. तसेच उपवासाची वरी ‘तांदूळ नव्हे’ म्हणून मधुमेही निःशंकपणे खातात. पण तीही पिष्टमय धान्यच आहे.

फुलकोबीत प्रथिने थोडी असतात. नुसत्या तिच्यावर भागवल्यास लवकर भूक लागते, म्हणून सोबत पनीर, अंडे, मासे किंवा डाळ असावी. डाळीतील कर्बोदके मात्र हिशेबात धरावीत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांनी भात एकाएकी बंद करून हा पदार्थ सुरू करणे धोक्याचे आहे. औषधाची मात्रा तीच राहून कर्बोदके घटली, तर रक्तातील साखर खूप खाली जाऊ शकते: घाम, थरथर, गोंधळलेपण, क्वचित बेशुद्धी. असा बदल डॉक्टरांना आधी सांगूनच करावा.

साठवण

कच्चा कीस शीतकपाटात हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस टिकतो. नंतर वास धरतो. गोठवलेला कीस न वितळवता थेट तापलेल्या कढईत टाकावा.