हद्दपारी आणि घर : १९४८ नंतरच्या निझामी मुलखातील एक विसरलेले प्रकरण



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला इतिहास शिकवीत तेव्हा एक गोष्ट वारंवार बजावीत. दूरच्या लढाया सांगताना आवाज चढला तरी चालेल. परंतु आपल्या अंगणात जे घडले, ते सांगताना माणसाने सावकाश बोलावे. आजचा माझा विषय अंगणातलाच आहे, म्हणून मी सावकाश बोलणार आहे.

दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण ध्वजवंदन करतो. निर्णा, हुमनाबाद, चिटगुप्पा या पट्ट्यातील जुन्या घरांत त्या वर्षाची आठवण अजूनही सांगितली जाते. घरदार टाकून सोलापूरच्या बाजूला पळालेली माणसे, कणगीत राहून गेलेली ज्वारी, परत आल्यावर सापडलेली किंवा न सापडलेली भांडीकुंडी. आमचेही घर त्यांतलेच. परंतु माझी आजी या सगळ्या हकिगतीच्या शेवटी आणखी एक वाक्य बोलत असे. आमच्या आजोळच्या गावी गढीवर एक अरब पहारेकरी होता. पोलीस कारवाईनंतर त्याला धरून नेले. त्याची बायको आपल्याच मुलखातली, दखनी बोलणारी. ती दोन पोरांना घेऊन मागे राहिली. "अरब गेला, आणि ती बाई मात्र पत्राची वाट बघत राहिली," एवढेच आजी म्हणे. ते पत्र आले की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या न विचारलेल्या प्रश्नाची उशिरा केलेली भरपाई आहे.

हे अरब आपल्याकडे आले कोठून? अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर हद्रमौत नावाचा रुक्ष, डोंगराळ प्रदेश आहे. शेती थोडी आणि माणसे फार, अशी तेथील स्थिती असल्यामुळे तेथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत. कोणी जावा बेटावर गेले, कोणी पूर्व आफ्रिकेत, तर कोणी दख्खनमध्ये आले. एकोणिसाव्या शतकात निझामाच्या फौजेत आणि जहागीरदारांच्या पदरी त्यांचे मोठे प्रस्थ होते. खजिन्याचा पहारा, वसुलीची बंदोबस्ती, गढीचा दरवाजा ही त्यांची कामे. त्यांचे जमादार पुढे इतके धनवान झाले की सरकारलाच कर्ज देऊ लागले आणि तारणादाखल महालांची वसुली स्वतःच्या हाती ठेवू लागले. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांना या जमादारांची सत्ता आवरण्यासाठी बराच काळ झगडावे लागले. मुकल्ला येथील कुऐती सुलतानांचे घराणे तर हैदराबादेच्या फौजेतील एका जमादारानेच उभे केले. हैदराबाद शहरातील बारकस ही वस्ती आजही त्या इतिहासाची साक्ष देते. बराकी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचेच ते स्थानिक रूप आहे.

हे लोक बहुधा एकटे येत. स्त्रिया बरोबर नसत. साहजिकच त्यांची लग्ने येथेच, येथील मुलींशी झाली. त्या संबंधातून जन्मलेल्या संततीला अरब लोक 'मुवल्लद' म्हणत. दोन-तीन पिढ्यांनंतर हे मुवल्लद नावाने अरब, भाषेने दखनी आणि पोटाने येथल्या ज्वारीवर वाढलेले असे झाले. हद्रमौतशी नाते उरले ते प्रामुख्याने मनीऑर्डरीचे. दख्खनमधून जाणाऱ्या पैशांवर तिकडची कित्येक घरे चालत.

त्यांच्याच जोडीने रोहिले आणि पठाण यांचेही नाव घेतले पाहिजे. यांतील बरेच जण सावकारी करीत. रोहिल्याचे व्याज आणि रोहिल्याची काठी यांची धास्ती आपल्या खेड्यांत किती होती, हे वृद्धांना ठाऊक आहे. तेव्हा या मंडळींविषयी लोकांच्या मनात जो राग होता तो निराधार होता, असे मी म्हणणार नाही.

आता १९४७-४८ कडे वळू. निझामाने भारतात विलीन होण्यास नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला. आणि लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या नेतृत्वाखाली रझाकारांचा उच्छाद वाढत गेला. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात होते. मे १९४८ मध्ये आपल्याच बिदर जिल्ह्यात गोरटा येथे जे हत्याकांड झाले, त्याची जखम अद्याप भरलेली नाही. अरब आणि पठाण यांच्यापैकी काही जण रझाकारांबरोबर होते, हेही खरे. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती जाहीर केली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाती लष्करी शासनाची सूत्रे आली.

त्यानंतरच्या आठवड्यांत सूडाची एक लाट उसळली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात अत्यंत सावध अंदाजानेही २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असे म्हटले होते. आणि सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड यांची नावे दिली होती. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. दोन्ही बाजूंच्या मृतांची गणती आपण अजून एका पाटीवर लिहू शकलेलो नाही, ही आपल्या इतिहासलेखनाची मोठी उणीव आहे.

या पार्श्वभूमीवर लष्करी शासनाने अरब, पठाण आणि रोहिले यांना 'परकीय' ठरवून मोठ्या संख्येने स्थानबद्ध केले आणि त्यांना देशाबाहेर पाठविण्याचे ठरविले. शासनाची भूमिका समजण्यासारखी होती. हे लोक शस्त्रधारी होते, त्यांची एकनिष्ठा संशयास्पद वाटत होती, आणि फाळणीच्या आगीतून नुकताच बाहेर पडलेला देश कोणताही धोका पत्करण्यास तयार नव्हता. परंतु निर्णय अमलात येऊ लागताच एक साधा प्रश्न पुढे उभा राहिला : यांना पाठवायचे कोठे?

पठाणांचा सरहद्द प्रांत आता पाकिस्तानात गेला होता. अरबांसाठी वाट होती ती एडनमार्गे. गंमत अशी की, हेच एडन १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग होते आणि त्यापूर्वी दीर्घकाळ त्याचा कारभार मुंबईहून चाले. बाप आला तेव्हा तो एका अर्थाने त्याच साम्राज्याच्या छायेत फिरत होता. मुलाला मात्र तीच वाट परक्या देशाची झाली. त्यातच १९४८-४९ मध्ये हद्रमौतात भीषण दुष्काळ पडला. ज्या घरांना दख्खनमधून पैसा जात असे, तेथे पैसा थांबला आणि खाणारी तोंडे परत धाडली जाऊ लागली. एडनच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हैदराबादेत जन्मलेल्यांना आपले मानण्यास नाखुशी दाखविली. अखेरीस तिकडे जन्मलेला कोण आणि येथे जन्मलेला कोण, असा भेद करणे शासनाला भाग पडले. काहींना जहाजात बसविले गेले. येथे जन्मलेल्या अनेकांना पुढे येथेच राहू दिले गेले.

कागदावर हा भेद नीटस दिसतो. परंतु घर म्हणजे कागद नव्हे. एकाच छपराखाली बाप हद्रमौतात जन्मलेला, आई बिदरची, मुले येथली. नियमानुसार बाप गेला तर बायकोने काय करावे? त्याच्याबरोबर जावे, तर जेथील भाषा येत नाही, जेथे दुष्काळ आहे अशा ठिकाणी मुलांना न्यावे लागते. येथे राहावे, तर कमावता माणूस नाही आणि गावात 'अरबाची बायको' म्हणून बोट दाखविले जाणार. हा निवाडा त्या बायांना कोणत्याही वकिलावाचून, बहुधा अक्षरओळखीवाचून, थोड्या दिवसांत करावा लागला. शिक्षा एकाला झाली, ती भोगली मात्र साऱ्या घराने.

कायद्याच्या दृष्टीनेही हे प्रकरण विचार करण्याजोगे आहे. निझामी राज्यात 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' हा भेद जुनाच होता. १९१९ च्या मुलकी नियमांनुसार पंधरा वर्षांचे सलग वास्तव्य असणारा मनुष्य मुलकी ठरू शकत असे. म्हणजे वास्तव्याला किंमत होती. पुढे आपल्या संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदानेही तेच तत्त्व अधिक उदारपणे मान्य केले : भारतात अधिवास असलेला मनुष्य येथे जन्मला असेल, किंवा आईबापांपैकी एकाचा जन्म येथला असेल, किंवा लगतपूर्वीची किमान पाच वर्षे तो येथे राहत असेल, तर तो नागरिक. हा अनुच्छेद २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आला. त्या कसोटीवर स्थानबद्धांपैकी पुष्कळांना नागरिकत्वाचा दावा सांगता आला असता. परंतु या व्याख्येच्या आधी ज्याचे जहाज सुटले, त्याला ती व्याख्या उपयोगी पडली नाही. इतिहासात काही महिन्यांचे अंतर कधी कधी एका आयुष्याएवढे असते.

असे प्रसंग आपल्याकडेच घडले, असे मात्र नाही. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने सुमारे पंधरा ते वीस लाख माणसांचा बळी घेतला. जीव वाचवून थायलंडच्या सीमेवर आलेल्या चाळीस हजारांहून अधिक निर्वासितांना जून १९७९ मध्ये प्रेह विहेअरच्या कड्यावरून सुरुंग पेरलेल्या रानात परत लोटण्यात आले. पुढे अमेरिकेने सुमारे दीड लाख कंबोडियनांना आश्रय दिला. त्यांची मुले तेथेच वाढली; पण कित्येकांच्या घरी नागरिकत्वाचे कागद पुरे झाले नाहीत. १९९६ च्या कायद्याने गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेल्या अशा तरुणांनाही हद्दपारीस पात्र ठरविले आणि त्यांच्या घरादाराचा विचार करण्याची न्यायाधीशाची मुभा फार आकुंचित केली. २००२ मध्ये दोन्ही देशांत करार झाला आणि हद्दपारी सुरू झाली. त्यांतील काही जण थायलंडच्या छावणीत जन्मलेले होते. ज्या देशात त्यांना 'परत' धाडले, तो त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. मागे राहिल्या त्या त्यांच्या बायका आणि अमेरिकेत जन्मलेली मुले. हद्रमौत न पाहिलेला मुवल्लद आणि कंबोडिया न पाहिलेला हा तरुण यांच्यामध्ये अर्धे शतक आणि दोन महासागर आहेत. दुःख मात्र एकाच जातीचे आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मला मान्य आहे. ज्यांची घरे जळाली, त्यांनी अरबाच्या बायकोसाठी का हळहळावे? माझे उत्तर असे. कासीम रझवीवर खटला चालला, त्याला शिक्षा झाली आणि ती भोगून तो १९५७ मध्ये पाकिस्तानात निघून गेला. एवढा उच्छाद ज्याने मांडला, त्याला आपण न्यायालय दिले. हाच आपल्या स्वातंत्र्याचा मोठेपणा होता. मग गढीच्या दारावरच्या पहारेकऱ्याला त्याच्या कृत्याविषयी न विचारता केवळ त्याच्या जन्मगावाविषयी का विचारले गेले? गुन्ह्याची चौकशी होऊ शकते. जन्माची चौकशी झाली, तर तिच्यातून कोणीच निर्दोष सुटत नाही. आपलेच पाहा ना. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि बिदर, गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. एका रेषेने मामा एका राज्यात आणि भाचा दुसऱ्या राज्यात गेला. ती रेषा ओलांडता येते, म्हणून आपण सुखी आहोत. जिला ओलांडता येत नाही, अशी रेषा काय असते याची कल्पना आपणच अधिक चांगली करू शकतो.

शेवटी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू असे चार भाषांतून १९४८ सांगणारे वृद्ध आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जा. पळून गेलेल्यांची हकिगत लिहा. परत न आलेल्यांची लिहा. आणि ज्या घरात पत्राची वाट पाहिली गेली, त्या घराचीही लिहा. गुरुजींचे स्मारक याहून वेगळे असू नये, असे मला वाटते.