मग मोडलं काय?

परवा रविवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. ती नोकरीनिमित्त बंगळूरला असते. आवाज जरा उतरलेला वाटला म्हणून आईने (वय वर्षे ८४, कान अजून तिखट) मला फोन स्पीकरवर टाकायला लावला.

"काय गं, बरं नाही का?"

"काही नाही गं आजी... आमचा ब्रेकअप झाला."

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मोडलं? लग्न ठरलं होतं का?"

"नाही गं."

"साखरपुडा?"

"नाही गं आजी!"

"मग मोडलं काय?"

पलीकडून हसण्याचा आणि नाक ओढण्याचा आवाज एकदमच आला. "मामा, तू सांग ना तिला," असं म्हणून भाचीने चेंडू माझ्याकडे टोलवला. मी आपला "अगं म्हणजे... ते तसं नसतं..." असं काहीतरी पुटपुटलो. मी जुना भाषाशुद्धीवाला. सावरकरांचे 'दिनांक' आणि 'महापौर' अभिमानाने वापरणारा. पण 'ब्रेकअप'ला मराठी शब्द काही मला सुचेना. त्या रात्री झोप येईना म्हणून या 'ब्रेक'चं मूळ आणि कूळ शोधत बसलो. हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

हा शब्द इंग्रजीच्या घरातला अगदी जुना माणूस. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो 'ब्रेकन' असा होता. तेव्हाही नुसती भांडी आणि हाडं मोडत नव्हती. शपथा मोडत, तटबंदीची गावं 'मोडून' आत शिरत, झरे फुटून बाहेर येत. लॅटिनमधलं 'फ्रांगेरे' हे त्याचं चुलत भावंड. त्याच्यापासून फ्रॅक्चर, फ्रॅक्शन, फ्रॅजाइल ही मंडळी आली. म्हणजे हाड मोडल्यावर डॉक्टर सांगतात तो शब्द आणि शाळेत आपल्याला रडवणारे अपूर्णांक, दोन्ही एकाच कुळातले! (हिंदीत अपूर्णांकाला 'भिन्न' म्हणतात, म्हणजे फुटलेला. कल्पना तीच.)

आता या एका क्रियापदाची एवढी पिलावळ कशी झाली? शाळेत संस्कृत होतं त्यांना हे पटकन कळेल. 'हृ' हा एकच धातू. त्याला उपसर्ग लावले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. जेवणापासून मरणापर्यंत सगळी सोय! जुन्या इंग्रजीतही असंच होतं. 'टोब्रेकन' म्हणजे तुकडे तुकडे करणे, 'आब्रेकन' म्हणजे फोडून घेणे, असे उपसर्ग पुढे लागत. पुढच्या काही शतकांत त्यातले बरेच उपसर्ग गळून पडले आणि त्यांचं काम डाऊन, अप, आऊट, ऑफ, थ्रू अशा चिमुकल्या शब्दांनी घेतलं. फरक इतकाच की हे क्रियापदाच्या मागे जाऊन उभे राहिले. डॉ. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत तो मान्य करतो की परदेशी माणसाला सगळ्यात जास्त छळतात ती अशी जोडक्रियापदं. तिथे त्याने दिलेल्या उदाहरणांत 'ब्रेक ऑफ'सुद्धा आहे. वाचून बरं वाटलं. म्हणजे मॅट्रिकला आमची दांडी गुल व्हायची त्यात आमचा एकट्याचा दोष नव्हता तर!

या जोड्यांतून नामं कशी तयार होतात तेही गमतीचं आहे. क्रियापद म्हणून बोलताना जोर 'डाऊन'वर असतो. नाम झालं की तो उडी मारून 'ब्रेक'वर येतो आणि दोन शब्दांचा एक होतो. यंत्रं आली, ती बंद पडू लागली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात 'ब्रेकडाऊन' हे नाम रुळलं. पुढे माणसंही यंत्रासारखीच बंद पडतात असं लक्षात आलं आणि 'नर्व्हस ब्रेकडाऊन' आलं. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत शत्रूची फळी फोडून पार जाण्याला 'ब्रेकथ्रू' म्हणत. तोच शब्द पुढे शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसला. आणि तुकडे तेच, पण क्रम बदलला तर? 'ब्रेकआऊट' म्हणजे तुरुंग फोडून पळणं, आणि 'आऊटब्रेक' म्हणजे साथीचा उद्रेक. २०२० साली आपण सगळेच एकाने घरात कोंडले गेलो आणि दुसऱ्याची वाट पाहत बसलो!

सकाळच्या ब्रेकफास्टची गोष्ट तर माझी सगळ्यात आवडती. हा शब्द पंधराव्या शतकातला. रात्रभराचा उपास मोडायचा म्हणून 'ब्रेक-फास्ट'. (त्याआधी जुन्या इंग्रजीत त्याला सरळ 'सकाळचं अन्न' अशा अर्थाचा शब्द होता.) उच्चार 'ब्रेक्फस्ट' असा आखडला आणि आतला उपास कुणाला ऐकूही येईनासा झाला. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने रविवारी उशिरा उठणाऱ्यांची बाजू घेत 'ब्रंच'ची मागणी करणारा लेख लिहिला. त्यात तर बिचाऱ्या ब्रेकचे दोनच व्यंजनं शिल्लक उरली. आणखी एक मजा म्हणजे 'डिनर'. हा शब्दही फ्रेंचमार्गे, उपास सोडणे अशाच अर्थाच्या जुन्या लॅटिन क्रियापदावरून आला. म्हणजे मुळात इंग्रज दिवसातून दोनदा उपास सोडतो!

आणि इथेच आपली मराठी किती जपून पावलं टाकते ते पाहा. आपण उपास सोडतो. उपास मोडला म्हणजे चतुर्थीला चुकून बिस्किट खाल्लं. आमच्या आजीच्या घरी या दोन क्रियापदांत गल्लत केली असती तर पुढच्या चतुर्थीला दुप्पट उपास घडला असता. मौनही आपण सोडतो. शब्द मात्र मोडतो. पहाट झाली की तांबडं फुटतं, पेपरही फुटतो (त्याचे परिणाम वेगळे), बातमी फोडतात, नारळ फोडतात. संबंध तुटतात, काळीज तुटतं, लचके तुटतात. इंग्रजी जिथे एका 'ब्रेक'वर भागवते तिथे आपण मोड, तोड, फोड आणि सोड असे चार गडी कामाला लावले आहेत. कायदेभंग, व्रतभंग यांच्यातला संस्कृत भंग वेगळाच. आणि ज्याला भंग नाही तो अभंग!

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे कशी कोण जाणे सारखी. इंग्रज पाचशेची नोट 'ब्रेक' करतो, आपणही ती 'मोडून' घेतो. वाण्याकडे "मोड आहे का?" विचारताना आपण काय मोडतो आहोत ते मनातही येत नाही. विक्रम 'मोडणं' हे मात्र इंग्रजीचं बघून आपण उचललं असावं असं आपलं मला वाटतं.

मुख्य शब्द इतका वापरात असला की त्याला बोलीत फांद्या फुटतातच. खिशात दमडी नसलेल्या माणसाला इंग्रजीत 'ब्रोक' म्हणतात. हे त्याच क्रियापदाचं जुनं रूप, व्याकरणाच्या पुस्तकाने टाकलेलं आणि गल्लीने सांभाळलेलं. (दलालाला म्हणतात तो 'ब्रोकर' मात्र या घरातला नाही, नाव सारखं असलं तरी.) शाळेत दोन तासांच्या मधल्या सुट्टीला 'ब्रेक' म्हणणं १८६०च्या सुमारास छापलेलं सापडतं. तिथून तो कारखान्यात गेला, चहाचा झाला, आणि १९५२ साली अमेरिकेतल्या कॉफीवाल्यांनी जाहिराती करकरून 'कॉफी ब्रेक' घरोघरी पोचवला. क्रिकेटमध्ये टप्पा पडल्यावर चेंडू वळतो त्यालाही 'ब्रेक'. आमचे वडील ज्यांचं नाव घेताना बसल्या जागी ताठ व्हायचे ते सुभाष गुप्ते लेगब्रेकवाले. १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडीजचे एका डावात ९ गडी त्यांनी १०२ धावांत घेतले होते.

बिलियर्ड्सच्या टेबलावर रचून ठेवलेले चेंडू पहिल्या फटक्याने फुटतात आणि खेळ सुरू होतो. तोही 'ब्रेक'. अमेरिकन बोलीत नशिबाने मिळालेल्या संधीला 'ब्रेक' म्हणू लागले ते बहुधा तिथूनच. आपल्याकडे हा अर्थ सिनेमावाल्यांनी आणला. अमक्या निर्मात्याने तमक्या नटीला ब्रेक दिला!

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांना पैसे जमवायचे म्हणून इमारतीतच पार्टी ठेवली. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. गाणं थांबून नुसता ताल उरतो त्या तुकड्याला 'ब्रेक' म्हणत. पोरं नाचायला तिथेच सरसावतात हे त्याने हेरलं होतं. म्हणून दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. त्या ब्रेकवर नाचतात तो ब्रेकडान्स. २०२४ साली तो पॅरिसच्या ऑलिंपिकमध्येही झाला. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या स्टेजवर तो त्याच्या कितीतरी आधी झाला होता, आणि त्यात खरोखर काय काय मोडलं त्याची आठवण काही वाचकांना (आणि एका मेव्हण्यांना) असेलच.

सायकलचा ब्रेक आठवला ना? इंग्रजीत त्याचं स्पेलिंग वेगळं आहे. जवसाच्या काड्या मोडून धागा काढायच्या अवजाराला जुन्या डचमध्ये जे नाव होतं, त्याच्याशी त्याचं नातं. देवनागरीत आले आणि दोघांचा चेहरा एकच झाला. त्यामुळे मराठीत ब्रेक लागला की गाडी थांबते, ब्रेक मिळाला की सुरू होते, ब्रेक घेतला की चहा येतो आणि ब्रेकनंतर पुन्हा मालिका. आता आईने गोंधळू नये तर काय करावं?

पण आई गोंधळली नव्हती, हे मला नंतर कळलं.

फोन झाल्यावर ती बराच वेळ बाल्कनीत बसली होती. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "ताईचं मोडलं होतं."

ताई म्हणजे माझी थोरली मावशी. घरातल्या मोठ्यांना हे ठाऊक आहे, धाकट्यांना नसेल. १९५३ साली तिचा साखरपुडा झाला होता. पत्रिका छापायला गेल्या होत्या. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की जमत नाही. कारण दिलं नाही. आई तेव्हा बारा वर्षांची होती. तिला आठवतं ते एवढंच की पुढे जे जे स्थळ यायचं त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आधीचं का मोडलं?" आणि उत्तर ताईच्या घरच्यांनी द्यायचं. ज्यांनी मोडलं त्यांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. त्यांचं दोन वर्षांत दुसरीकडे झालंसुद्धा. मावशीने प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली, शेकडो पोरांना बाराखडी शिकवली, लग्न केलं नाही. २००३ साली ती गेली. आम्हा भाचरांना ती खूप हसवायची. हे तिने आमच्यापुढे कधी काढलं नाही.

आईचं बोलणं ऐकल्यापासून मी एकाच गोष्टीचा विचार करतो आहे. 'तिचं मोडलं' असं आपण म्हणायचो. मोडलं कुणीतरी दुसऱ्यानेच, पण वाक्यात राहायची ती एकटी. मोडक्या वस्तूसारखी. मोडकळीस आलेलं घर, मोडीत घातलेली भांडी, आणि 'तिचं मोडलं', हे शब्द एकमेकांच्या इतके शेजारी राहतात की एकाचा वास दुसऱ्याला लागतोच. भाची काय म्हणाली? 'आमचा ब्रेकअप झाला.' आमचा. दोघांचा मिळून. दुःख आहे, रडू आहे, पण त्या वाक्यात डाग नाही. पुढच्या माणसाने "का मोडलं?" असं तिच्या बापाला विचारायची जागाच त्या वाक्यात नाही.

शब्द बदलला म्हणून समाज बदलला असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. आधी मुली शिकल्या, कमावू लागल्या, एकट्या परगावी राहू लागल्या. मग त्यांना जुना शब्द बोचू लागला आणि त्यांनी दुकानातून दुसरा आणला. परका होता हाच त्याचा गुण ठरला. त्याला आपल्याकडचा जुना वास नव्हता. मराठीत नवा घडवून दिला असता तर? कदाचित चालला असता. पण तो घडवायला आम्ही शुद्धीवाले कुठे होतो? आम्ही दिनांक घालण्यात गुंतलो होतो.

असो.

या रविवारी आईने स्वतःहून भाचीला फोन लावायला सांगितला. "जेवतेस ना वेळेवर? नाहीतर बसशील उपास काढत." मग जरा थांबून, "आणि हे बघ, झाला ना तो ब्रेकअप? होतो. दोन दिवस सुट्टी काढून इकडे ये. थालीपीठ करते."

भाची शनिवारी येते आहे. तुमच्या घरातही असा एखादा शब्द असेल, जो मुलांनी बाहेरून आणला आणि मोठ्यांच्या मनातलं काहीतरी वर आलं. असेल तर सांगा. आणि आई हे वाचणार आहे, तेव्हा मावशीबद्दल माझं काही चुकलं असेल तर ती सांगेलच.